दाराच्या मुठीवरून गाडीचे वर्ष
वाचकांचे प्रश्न : जुन्या पिकअप गाड्या आणि त्यांचे सुटे भाग

या सदराकडे गेल्या काही महिन्यांत जुन्या मोटारींविषयी जी पत्रे आली, त्यांत पिकअप गाड्यांविषयीची पत्रे अनपेक्षितपणे अधिक निघाली, म्हणून या वेळची जागा त्यांनाच दिली आहे. पत्रे लांब होती. प्रश्नाचा गाभा तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : मी मूळचा सांगलीचा असून नोकरीनिमित्त ओहायो राज्यात राहतो. दोन वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याकडून मी शेव्हरोले ३१०० ही जुनी पिकअप विकत घेतली. मालकीच्या कागदावर १९५२ हे वर्ष आहे आणि त्याप्रमाणे मी दारांच्या बाहेरच्या मुठींची नवी जोडी मागवली, परंतु ती काही केल्या बसत नाही. विक्रेता म्हणतो की माल १९५२ चाच आहे आणि निर्दोष आहे. माझ्या दारांवर फिरवायच्या मुठी आहेत आणि दाराच्या काचेच्या पुढच्या बाजूला उघडणारी छोटी त्रिकोणी काच आहे. चूक नेमकी कोठे झाली असावी?

उत्तर : आपला विक्रेता खरे बोलत आहे आणि आपली गाडीही खरे बोलत आहे, चुकला आहे तो कागद. शेव्हरोलेने १९४७ च्या उन्हाळ्यात ‘ॲडव्हान्स डिझाइन’ या नावाने बाजारात आणलेली ही मालिका १९५५ च्या सुरुवातीपर्यंत चालली आणि दुरून पाहणाऱ्याला या सर्व वर्षांच्या गाड्या एकसारख्याच वाटतात. प्रत्यक्षात कंपनी जवळजवळ दरवर्षी काही ना काही बदलत गेली. पेट्रोलची टाकी १९४९ मध्ये केबिनमध्ये, आसनाच्या पाठीमागे आली. दारांतील त्रिकोणी काच १९५१ मध्ये आली. फिरवायच्या मुठी जाऊन बटण दाबून उघडायच्या मुठी १९५२ मध्ये आल्या, आणि १९५४ मध्ये पुढची दुभंगलेली काच जाऊन सलग वाकडी काच आली व तोंडाची जाळीही बदलली. त्रिकोणी काच आहे परंतु मूठ फिरवायची आहे, हा जोड एकाच वर्षाचा आहे, आणि ते वर्ष १९५१ आहे. अर्थात सत्तर वर्षांत कोणी दारेच बदलली नसतील, तर.

ही शंका राहू नये म्हणून चालकाच्या बाजूचे दार उघडून बिजागरीच्या खांबावरील छोटी पट्टी घासून पाहावी. त्यावरील पहिला आकडा कारखान्याचा असतो. तो ९ असेल तर गाडी आपल्याच राज्यातील, सिनसिनाटीला लागून असलेल्या नॉरवूडच्या कारखान्यात जोडली गेली आहे. त्यानंतरचे अक्षर वर्षाचे असते: जी म्हणजे १९४९, एच म्हणजे १९५०, जे म्हणजे १९५१ आणि के म्हणजे १९५२, मधले आय हे अक्षर आकड्यासारखे दिसते म्हणून गाळलेले आहे. पुढचे पी हे अक्षर अर्ध्या टनाच्या ३१०० साठी आहे आणि त्याच्या पुढचे अक्षर महिन्याचे. आपल्या पट्टीवर ‘जेपी’ निघेल असा माझा अंदाज आहे. त्या काळी गाडी ज्या वर्षी विकली गेली तेच वर्ष कागदावर चढवण्याची रीत अनेक ठिकाणी होती, त्यामुळे शिल्लक राहिलेली १९५१ ची गाडी पुढच्या वर्षी विकली गेली की ती कागदोपत्री १९५२ ची होऊन जाई.

एका मुठीसाठी इतके खोल जायचे कारण असे की १९५१ हे वर्ष या मालिकेत सांध्याचे वर्ष आहे. याच वर्षी पुढच्या-मागच्या चाकांचे ब्रेक जुन्या ‘हक’ पद्धतीचे जाऊन ‘बेंडिक्स’ पद्धतीचे आले, आणि याच वर्षी मागच्या हौद्याच्या तळाच्या लाकडी फळ्यांची मांडणीही बदलली. म्हणून ब्रेक शू मागवण्यापूर्वी ड्रम काढून आत काय आहे ते डोळ्यांनी पाहावे, आणि फळ्यांचा संच मागवण्यापूर्वी जुन्या फळ्या आणि त्यांच्यामधील लोखंडी पट्ट्या मोजून घ्याव्यात. पूर्वीच्या मालकाने १९५० चा मागचा धुरा आणून बसवला असेल, तर वर्षाचे ज्ञानही कामाला येत नाही. तेथे फक्त हातातला भागच खरा.

भागांच्या बाबतीत आपण सुदैवी आहात. या मालिकेचे रबर, काचा, मडगार्ड, पायफळ्या, केबिनचे कोपरे, हौद्याच्या बाजू, विजेच्या तारांचे पूर्ण जुडगे असे जवळजवळ सारे अमेरिकेत आजही नव्याने तयार होते. अडचण भाग मिळण्याची नसून योग्य भाग ओळखण्याची आहे. शेव्हरोलेची १९२९ ते १९५४ या वर्षांची एकत्रित भाग-सूची पुनर्मुद्रित स्वरूपात मिळते. ती आधी घ्यावी. तिचा वापर करताना एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. ओतीव भागावर उठवलेला क्रमांक हा साच्याचा क्रमांक असतो, सूचीतील मागणीचा क्रमांक नव्हे. हे दोन क्रमांक जुळत नाहीत म्हणून चांगला भाग परत पाठवणारे लोक मी पाहिले आहेत. इंजिनच्या ओतकामावर अक्षर आणि आकडे असा जो संकेत असतो तो तारखेचा आहे: बी १२ १ म्हणजे फेब्रुवारीची १२ तारीख आणि १९५१ किंवा १९४१, कारण वर्षाचा शेवटचा अंकच तेवढा दिलेला असतो.

नव्याने केलेला पत्रा आणि मूळचा पत्रा यांत मी मूळचाच निवडीन, जरी त्याला चार खड्डे असले तरी. नवे मडगार्ड दिसायला सुबक असते, परंतु बोल्टांची भोके आणि कडेचा बाक बॉनेटशी जुळवताना दिवस जातात. मूळ भागांसाठी पेनसिल्व्हेनियातील हर्शी येथे अमेरिकेच्या जुन्या मोटारींच्या संघटनेचा, म्हणजे एएसीएचा, ऑक्टोबरमध्ये जो मोठा मेळा भरतो तेथे एकदा जावे. जाताना जुनी मूठ, जुना कुलपाचा खटका, मोजपट्टी आणि दाराच्या आतील बाजूची छायाचित्रे सोबत न्यावीत.

आणि काढलेला कोणताही भाग, तो कितीही सडलेला असो, नवा भाग बसून दार नीट बंद होईपर्यंत टाकू नये. मी स्वतः एकदा खिडकीच्या खोबणीतील जुने रबर कचरा म्हणून फेकले आणि नंतर त्याचा छेद कसा होता हे आठवून सांगता न आल्याने तीन वेगवेगळ्या पट्ट्या विकत घेतल्या. त्यांतील दोन अजून माझ्या माळ्यावर आहेत.

प्रश्न : याच वाचकाचा दुसरा प्रश्न असा की इंजिन मूळचे, २१६ घन इंचांचे आहे. वेगात असताना तेलाच्या दाबाचा काटा १२ ते १४ वर असतो आणि गाडी उभी असताना जवळजवळ खाली पडतो. चढावर खालून टकटक आवाज येतो. स्थानिक गॅरेजवाला आधुनिक व्ही-८ इंजिन घालण्याचा आग्रह धरतो. काय करावे?

उत्तर : काट्याची काळजी सोडावी आणि आवाजाची करावी. या साडेतीन लिटरच्या सहा सिलिंडरांच्या इंजिनात तेलाचा दाब मुळातच कमी असतो. म्हणून तर त्याच्या दाबमापकाचा शेवटचा आकडा ३० आहे. मुख्य बेअरिंगांना तेल दाबाने जाते, परंतु कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांना ते जात नाही. इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या चेंबरमध्ये प्रत्येक रॉडखाली एक पन्हळ असते आणि रॉडच्या टोकाला असलेली छोटी पळी प्रत्येक फेऱ्यात त्यातून तेल उचलते. वेग वाढला की चेंबरमधील नळ्यांतून उडणारी तेलाची धार नेमकी त्या पळीवर पडते. त्यामुळे आपला १४ चा आकडा या इंजिनासाठी निरोगी आहे, आणि नव्या मोटारींच्या सवयीने त्याकडे पाहणारा गॅरेजवाला विनाकारण घाबरला आहे.

टकटक मात्र खरी असू शकते. इंजिन चालू ठेवून एकेका स्पार्क प्लगची वीज क्रमाने तोडून पाहावी. जो प्लग तोडल्यावर आवाज मंदावतो, त्या सिलिंडरचा रॉड सैल आहे. या इंजिनात रॉडच्या आत सुटे बेअरिंग नसून व्हाइट मेटल, म्हणजे बेअरिंगसाठीचा मऊ मिश्रधातू, थेट रॉडमध्येच ओतलेले असते, आणि टोपीच्या दोन्ही बाजूंना पातळ पत्र्याच्या शिम असतात. झीज थोडी असेल तर दोन्ही बाजूंच्या सारख्या शिम काढून गाळा, म्हणजे मधली फट, बसवता येतो आणि खर्च जवळजवळ शून्य होतो. व्हाइट मेटल तडकले असेल तर ते पुन्हा ओतून घ्यावे लागते व असे काम करणारे हात आता थोडे उरले आहेत. चेंबर उतरवाल तेव्हा तळाचा गाळ पूर्ण काढावा आणि त्या नळ्यांची दिशा पुस्तकात दिलेल्या मापाने तपासूनच चेंबर परत चढवावा. चेंबर ठोकून-आपटून काढणाऱ्याच्या हातून नळी किंचित वाकते, आणि मग चांगला रॉड महामार्गावर कोरडा पडून जातो.

या गाडीच्या मागच्या धुऱ्याचे गुणोत्तर ४.११ आहे. मूळच्या ६.००-१६ टायरांवर ताशी ५० मैलांना इंजिन मिनिटाला सुमारे २,४५० फेरे घेते. त्या वेगात ते दिवसभर चालेल, ६५ मैलांना चालवाल तर फार दिवस चालणार नाही. आपल्याला महामार्गावरच जायचे असेल, तर माझा कल व्ही-८ कडे नाही. या पिकअपची मागे जाणारी शाफ्ट बंद नळीत असते आणि ती नळी गिअरबॉक्सला व धुऱ्याला थेट जोडलेली असते, त्यामुळे इंजिन बदलले की गिअरबॉक्स, शाफ्ट, धुरा, इंजिनचे आधार आणि अखेर ब्रेक असे एकामागून एक सर्व बदलावे लागते. याच घराण्यातील २३५ घन इंचांचे इंजिन, ज्यात १९५४ पासून पिकअपमध्येही रॉडना दाबाने तेल मिळू लागले आणि सुटी बेअरिंगे आली, ते मूळ गिअरबॉक्स ठेवून बसवता येते. नंतरच्या वर्षांचे २३५ घेतल्यास पाण्याच्या पंपाची जागा आणि पंख्याचे रेडिएटरपासूनचे अंतर आधी मोजावे. जुने २१६ मात्र विकू नये. ते तेल लावून, झाकून कोपऱ्यात ठेवावे.

सहा व्होल्टची वीज बारा करावी का, असेही आपण विचारले आहे. करू नये, निदान इतक्यात तरी नाही. सहा व्होल्टवर सेल्फ रडतो तो बहुधा कोणीतरी बारा व्होल्टच्या गाडीची पातळ केबल लावल्यामुळे. जाड केबल लावावी, इंजिन आणि चासी यांमधील अर्थिंगची पट्टी घासून चकचकीत करावी, आणि मग पाहावे.

प्रश्न : आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातील शेतघरात आजोबांची विलीज जीपच्या घराण्यातील पिकअप उभी आहे. साठच्या दशकातील नोंदणी आहे. वडिलांनी पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवले होते. आम्हाला ती मूळ स्वरूपात आणून जुन्या वाहनांसाठीचा ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक घ्यायचा आहे. भाग कोठून आणावेत आणि कामाला सुरुवात कोठून करावी?

उत्तर : सुरुवात आरसी बुकापासून करावी, पान्यापासून नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या, व्यक्तिगत वापराच्या दुचाकी आणि चारचाकी वाहनांना हा क्रमांक मिळतो. आपल्या पुस्तकात गाडी खाजगी म्हणून नोंदलेली आहे की मालवाहू म्हणून, हा पहिला प्रश्न आहे. पिकअपच्या बाबतीत तो नेहमीच उद्भवतो, आणि उत्तर मालवाहू असे असेल तर आरटीओमध्ये त्याचा निकाल लावून घेतल्याशिवाय रंगाचा एक डबाही आणू नये. दुसरी अट गाडी मूळ स्वरूपात असण्याची आहे: चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. म्हणजे आजचे डिझेल इंजिन ठेवून अर्ज करण्यात अर्थ नाही. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये ठरवलेले असून प्रमाणपत्र दहा वर्षांसाठी असते. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला लावता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, जुन्या गाड्यांची रॅली, इंधन आणि देखभाल एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. शेतातला ऊस वाहायचा विचार मनात असेल तर हा मार्ग आपला नाही.

इंजिनाबद्दल सांगायचे तर आधी घरातच शोधावे. आपल्याकडे काढलेले इंजिन कोणी फेकत नाही. ते गोठ्यात, विहिरीजवळच्या खोलीत किंवा शेजाऱ्याच्या पंपाला जोडलेले सापडते. आरसी बुकातील इंजिन क्रमांक लिहून घ्यावा आणि मग कोपरे धुंडाळावेत. विलीजची त्या काळातील चार सिलिंडरांची दोन इंजिने आपल्याकडे आढळतात. दोन्ही सुमारे २,२०० सीसीची, दोन्हींचा पेटण्याचा क्रम १-३-४-२. परंतु जुन्यात दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात, तर नंतरच्यात हवा घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये असतात. दुसरे इंजिन उंच असल्यामुळेच त्यावरच्या सीजे-३बी जीपचे बॉनेट आणि तोंड उंच करावे लागले. पिस्टन, रिंगा, गॅस्केट मागवताना दुकानात ‘जीपचे’ एवढेच सांगाल तर चुकीचा डबा हातात पडेल.

यांत्रिक भागांची चिंता आपण फारशी करू नये. महिंद्राने १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली आणि सीजे-३बी पुढे दशकानुदशके येथेच बनत राहिली, त्यामुळे इंजिन, गिअरबॉक्स, धुरे, किंगपिन यांचे भाग पुण्याच्या नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या मालाच्या बाजारात आणि दिल्लीच्या काश्मिरी गेटला अजून निघतात. अमेरिकेतील दुकानातून मागवण्याचा मोह होईल तेव्हा गाडीचे स्टिअरिंग उजवीकडे आहे हे आठवावे: स्टिअरिंग बॉक्स, पेडलांची जोडणी, डॅशबोर्ड हे तेथील भाग आपल्या गाडीला उपयोगाचे नाहीत. जे कोठेच मिळणार नाही ते पिकअपच्या खास अंगाचे, म्हणजे केबिनचा मागचा पत्रा, हौद्याचे फाळके, त्याचे कोंडे आणि साखळीचे हूक. परंतु आपण कोल्हापूरचे आहात. शिवाजी उद्यमनगरात ब्लॉक रिबोअर करणारी, ओतीव कोंडा नमुन्यावरून करून देणारी आणि जुना शाफ्ट लेथवर भरून देणारी माणसे आहेत. मुंबईच्या हौशी लोकांना हेवा वाटावा अशी ही सोय आहे. नमुना म्हणून एक तरी मूळ कोंडा, तुटलेला असला तरी, त्यांच्या हाती द्यावा, कारण चित्रावरून केलेला कोंडा चित्रासारखाच होतो, गाडीसारखा होत नाही.

प्रश्न : माझ्याकडे फार्गो नाव असलेली जुनी पिकअप आहे. केबिनचा तळ पूर्ण गंजला आहे आणि फार्गोचे भाग कोणाकडेच नाहीत. (नाशिक)

उत्तर : फार्गो या नावाने शोधत राहिलात तर मिळणारही नाहीत. डॉज, फार्गो आणि डीसोटो ही क्रायस्लरच्या घरातील एकाच मालवाहू गाडीची वेगवेगळी नावे होती, आणि आपल्याकडे कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने तिन्ही नावांनी गाड्या विकल्या. दुकानात डॉजचे म्हणून विचारावे. नावाची पट्टी आणि तोंडाची नक्षी वगळता बहुतेक माल चालेल.

तळाचा पत्रा कोणाकडूनही वळवून घेता येतो, परंतु कापण्याच्या आधी केबिनला आतून आडवे आणि तिरपे अँगल जोडून घ्यावेत, दारे बसवलेलीच ठेवावीत आणि दाराभोवतीच्या फटी चारही बाजूंनी मोजून भिंतीवर लिहून ठेवाव्यात. तळ एकदम पूर्ण कापला की केबिन पत्त्याच्या बंगल्यासारखी सरकते आणि मग दार कधीच बंद होत नाही. एक बाजू कापावी, ती जोडावी, दार लावून पाहावे, आणि मगच दुसरीला हात घालावा. नवा पत्रा मूळ पत्र्याच्या जाडीचाच घ्यावा. गंज राहू देऊन वरून लांबी (पुट्टी) भरणारा कारागीर स्वस्त पडतो, तो दोन पावसाळ्यांपुरता.

काचांसाठी भटकण्याची गरज नाही. आपण पाठवलेल्या छायाचित्रात पुढच्या आणि दारांच्या काचा सपाट दिसत आहेत. जुनी काच पुठ्ठ्यावर ठेवून नमुना काढावा आणि नाशकातच काचवाल्याकडून लॅमिनेटेड काच कापून घ्यावी. नमुना रबरासह मोजू नये. रबराच्या खोबणीत काच किती आत जाते ते वेगळे मोजून त्यात धरावे, नाहीतर काच बसते आणि पहिल्या खड्ड्यात खाली येते.